सोनकीच्या नोंदी आणि खानदेशातील वनस्पतिसंग्रह

महाराष्ट्रातील डोंगरउतारांवर व पठारांवर पावसाळ्याच्या उत्तरार्धात पिवळ्याधमक फुलांनी बहरणाऱ्या, सूर्यफूल कुलातील (कंपॉझिटी अथवा ॲस्टरेसी) सेनेसिओ ह्या प्रजातीच्या रानटी ओषधींना मराठीत ‘सोनकी’ म्हणतात. सेनेसिओ ही सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या प्रजातींपैकी एक असून तिच्यात बाराशेंहून अधिक जातींचा समावेश होतो. प्रजातीचे नाव कार्ल लिनीअस यांच्या १७५३ च्या ग्रंथापासून रूढ आहे. ते ‘वृद्ध पुरुष’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले असून, फळांवरील पांढऱ्या मऊ केसांच्या झुबक्यास उद्देशून आहे. महाराष्ट्रातील सोनकीच्या जातींची ओळख, त्यांची नावे व त्यांचा प्रसार यांविषयी जे ज्ञान आज उपलब्ध आहे, त्याचा आधार म्हणजे गेल्या सु. दोनशे वर्षांत वाळवून कागदावर चिकटविलेले नमुने होत. हे नमुने कोठून आले व कोठून आले नाहीत, हा इतिहास खानदेशाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे.

शुष्क वनस्पतिसंग्रहाचे स्वरूप : वनस्पती दाबून व वाळवून कागदावर जतन करण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः इटलीतील लूका गीनी (१४९०–१५५६) यांस दिले जाते. पाने, फुले, फळे व शक्य असल्यास मुळे असलेली वनस्पती टीपकागदाच्या घड्यांत दाबून वाळवतात, कीड लागू नये म्हणून तिच्यावर प्रक्रिया करतात आणि सु. ४२ सेंमी. लांब व २८ सेंमी. रुंद अशा जाड कागदावर ती बसवितात. कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी लावलेली असते. तीवर वनस्पतीचे नाव, स्थळ, उंची, दिनांक, संकलकाचे नाव व नमुन्याचा क्रमांक ह्या गोष्टी असाव्यात, असा संकेत आहे. वनस्पतीचे नाव पुढील अभ्यासक बदलू शकतो, कारण नमुना त्याच्यासमोर असतो. परंतु स्थळ व दिनांक यांची भर मागाहून घालता येत नाही. ह्यामुळे चिठ्ठीवरील स्थळ हा नमुन्याचा सर्वांत मोलाचा, आणि तितकाच सहज दुर्लक्षिला जाणारा भाग ठरतो.

सोनकीसारखी वनस्पती संग्रहित करणे वाटते तितके सोपे नसते. ती वर्षायू असून तिचे सर्व आयुष्य पावसाळ्याच्या काही महिन्यांत संपते. फुलोरा ऐन बहरात असताना हवा दमट असते आणि नमुन्यांवर बुरशी चढते. हवा कोरडी होईपर्यंत थांबावे, तर फळे पिकून केसांचे झुबके सुटतात व दाबयंत्रातच नमुना विस्कटतो. जातींचे भेद खोडावरील लव, पानांचा आकार व त्यांचा खोडाशी असलेला सांधा, फुलांच्या गुच्छाचे (स्तबकाचे) छद व फळांचे स्वरूप अशा बारीक लक्षणांवर अवलंबून असतात. त्यामुळे केवळ ‘पिवळ्या फुलांची सोनकी’ ह्या वर्णनावरून जात ठरविता येत नाही. लोकभाषेतील नावेही येथे पुरेशी पडत नाहीत. ह्याच कुलातील पेंटॅनीमा इंडिकम (पूर्वीचे नाव व्हायकोआ इंडिका) ही पिवळ्या फुलांची वनस्पती ‘सोनकडी’ ह्या नावाने ओळखली जाते आणि दोन्ही नावांची सरमिसळ होण्याचा संभव असतो.

नावांचा इतिहास : महाराष्ट्रातील सोनकीच्या जातींची नावे म्हणजे मुंबई इलाख्यातील वनस्पतिविज्ञानाच्या आरंभकाळाची नामावळीच होय. जॉन ग्रॅहॅम हे मुंबईच्या टपाल खात्यातील अधिकारी होते. मुंबई व आसपासच्या वनस्पतींची त्यांची सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. तथापि तिची छपाई चालू असतानाच खंडाळा येथे त्यांचा मृत्यू झाला व उरलेले काम जोसेफ निम्मो यांनी तडीस नेले. अलेक्झांडर गिब्सन (१८००–६७) हे पेशाने वैद्य होते. १८३८ पासून त्यांच्याकडे पुण्याजवळील दापोडी येथील शासकीय वनस्पती-उद्यानाची व्यवस्था आली आणि १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. निकल अलेक्झांडर डॅल्झेल (१८१७–७७) हे त्यांचे सहकारी व नंतरचे वनसंरक्षक. ह्या दोघांनी मिळून लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. जे. ई. स्टॉक्स (१८२२–५४) व मुलकी सेवेतील जे. एस. लॉ यांनीही ह्याच काळात मोठे संग्रह केले.

ह्या मंडळींनी जमविलेले नमुने इंग्लंडमधील क्यू येथील संग्रहालयात गेले आणि तेथील अभ्यासकांनी त्यांच्या आधारे जातींची वर्णने केली. सी. बी. क्लार्क यांनी १८७६ मध्ये सेनेसिओ डॅल्झेलाय ही जात नोंदविली. जोसेफ डाल्टन हूकर यांच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात (१८८०–८२) सेनेसिओ ग्रॅहॅमाय, सेनेसिओ गिब्सोनाय व सेनेसिओ एजवर्थाय ही नावे आली. यांपैकी शेवटचे नाव बंगालच्या मुलकी सेवेतील मायकेल पाकेनहॅम एजवर्थ (१८१२–८१) यांचे असून त्या जातीच्या अंगावर लोकरीसारखी लव असते. सेनेसिओ ह्यूरेन्सिस हे नाव मात्र व्यक्तीचे नसून जुन्नरजवळील हिवरे ह्या गावाचे आहे. दापोडीच्या जोडीने चालणारी शासकीय बाग तेथे होती. डॅल्झेल यांनी ही जात आधी डोरोनिकम ह्या दुसऱ्या प्रजातीत समाविष्ट केली होती.

सर्वांत सुपरिचित सोनकीच्या नावात पुढे बदल झाला. सेनेसिओ ग्रॅहॅमाय हे नाव हूकर यांच्यापूर्वीच जॉर्ज बेंथॅम यांनी वेगळ्या जातीस दिलेले होते. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एकच नाव दोन जातींना वापरता येत नाही व मागाहून दिलेले नाव बाद ठरते. ह्यास्तव भारतीय वनस्पतिवैज्ञानिक एन. पी. बालकृष्णन यांनी १९७० मध्ये ह्या जातीस सेनेसिओ बॉम्बेएन्सिस हे नवे नाव दिले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नाव बदलले तरी ज्या नमुन्यांवरून जात वर्णिली गेली, ते नमुने तेच राहिले. नावास नमुन्याचा आधार असतो. नमुन्यास मात्र नावाचा आधार लागत नाही, त्याला लागतो तो स्थळाचा.

अपुऱ्या चिठ्ठ्या : ह्या कसोटीवर एकोणिसाव्या शतकातील पुष्कळसे नमुने उणे पडतात. स्टॉक्स, लॉ इत्यादींचे नमुने हूकर व टॉमस टॉमसन यांनी निरनिराळ्या संग्रहालयांस वाटले, तेव्हा त्यांवर छापील चिठ्ठ्या लावण्यात आल्या. तीवर ‘मलबार, कोकण इत्यादी’ एवढाच प्रदेश दर्शविलेला आहे. घाटमाथ्यावरील, देशावरील वा किनाऱ्यालगतचा असा कोणताही नमुना ह्या एकाच चिठ्ठीखाली येऊ शकतो. अशा नमुन्यावरून वनस्पती ओळखता येते. परंतु ती कोणत्या डोंगरावर होती, हे सांगता येत नाही.

थिओडोर कुक (१८३६–१९१०) यांनी ही उणीव बरीच भरून काढली. ते पुणे येथील विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण १८९० मध्ये स्थापन झाल्यावर त्याच्या पश्चिम विभागाचे काम त्यांच्याकडे आले. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक जातीच्या स्थळांपुढे संकलकाचे नाव असून, नमुना स्वतः पाहिलेला असल्यास त्यापुढे उद्गारचिन्ह दिलेले आहे. हे लहानसे चिन्ह ऐकीव माहिती व प्रत्यक्ष पुरावा यांना वेगळे करते. मात्र संकलक ज्या स्थळी गेलेच नाहीत, त्या स्थळाची नोंद कुक यांच्याही ग्रंथात येऊ शकत नव्हती.

संकलकांच्या वाटा व खानदेश : तापीच्या खोऱ्याचा हा प्रदेश उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा व पश्चिमेस सह्याद्रीचे उत्तर टोक यांनी वेढलेला आहे. जळगाव जिल्ह्यातील यावल-रावेरचा सातपुडा, चाळीसगावजवळील पाटणादेवीचा परिसर, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील डोंगर आणि नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व सु. १,१४० मी. उंचीचे तोरणमाळचे पठार, असे नाना प्रकारचे डोंगरी प्रदेश येथे आहेत. तरीही खंडाळा, माथेरान, महाबळेश्वर ह्या स्थळांच्या तुलनेने येथील जुने नमुने विरळ आढळतात. ह्याची कारणे वनस्पतींत नसून संकलकांच्या परिस्थितीत शोधावी लागतात.

पहिले कारण राजकीय होय. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला, तरी डोंगरी भागातील भिल्लांचा प्रतिकार पुढेही दीर्घकाळ चालू राहिला. ह्या भागात शासनाचे लक्ष प्रथम बंदोबस्तावर, नंतर जमीनमहसुलावर व सागाच्या लाकडावर होते. वनखात्याच्या पाहणीत इमारती लाकडाच्या वृक्षांना स्थान मिळाले. पावसाळ्यात उगवून दिवाळीपर्यंत वाळून जाणाऱ्या ओषधींना ते मिळण्याचे कारण नव्हते.

दुसरे कारण ऋतूचे आहे. मुलकी व वन अधिकाऱ्यांचे दौरे पावसाळा संपून वाटा कोरड्या झाल्यावर सुरू होत आणि उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत चालत. सातपुड्यात पावसाळ्यात हिवतापाचे भय असे, नद्यानाले ओलांडणे कठीण असे. दौऱ्याचा तंबू डोंगरात पडेपर्यंत सोनकीचा बहर ओसरून गेलेला असे. याउलट महाबळेश्वरचा दुसरा हंगाम पावसाळा सरताच ऑक्टोबरात सुरू होई आणि त्या वेळी फुललेली पठारे अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असत.

तिसरे कारण दळणवळणाचे होय. लोहमार्ग १८६३ मध्ये भोर घाटातून पार झाला आणि खंडाळा मुंबईहून काही तासांवर आले. खानदेशातही लोहमार्ग त्याच सुमारास पोहोचला. परंतु तो चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा सपाट प्रदेशातून गेला. त्यामुळे संकलकांना नदीकाठ व शेतांचे बांध जवळ आले, सातपुड्याचा माथा दूरच राहिला.

लोहमार्ग व वनस्पतींच्या नोंदी यांचा संबंध इंग्लंडमध्ये वेगळ्या प्रकारे दिसून येतो. सोनकीची जवळची नातलग असलेली सेनेसिओ स्क्वॅलिडस ही मूळची इंग्लंडची नव्हे. इटलीतील एटना ज्वालामुखीच्या परिसरातून आलेली ही वनस्पती ऑक्सफर्डच्या वनस्पती-उद्यानात लावण्यात आली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती उद्यानाबाहेर शहरातील भिंतींवर दिसू लागली आणि एकोणिसाव्या शतकात लोहमार्गाच्या कडेच्या खडीतून देशभर पसरली. तिचा हा प्रवास दिनांक व स्थळ नोंदविलेल्या नमुन्यांवरून आणि स्थानिक वनस्पतिसूचींवरून टप्प्याटप्प्याने उलगडता आला. तेथे संग्राहक सर्वत्र होते, म्हणून वनस्पतीची वाट कळली. खानदेशासारख्या प्रदेशात मात्र उपलब्ध नोंदींवरून पुष्कळदा वनस्पतीची नव्हे, तर संग्राहकाची वाट कळते. एखाद्या जुन्या ग्रंथात एखाद्या जातीपुढे खानदेशाचा उल्लेख नसणे, हा ती जात तेथे नसल्याचा पुरावा मानता येत नाही.

विसाव्या शतकातील प्रयत्न : मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९०६ मध्ये एथेलबर्ट ब्लाटर यांनी वनस्पतिसंग्रह सुरू केला, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ब्लाटर, त्यांचे सहकारी एफ. हॅलबर्ग आणि चार्ल्‌स मॅक्कॅन (१८९९–१९८०) यांच्या संकलनामुळे खानदेशाला वनस्पतिसंग्रहात निश्चित स्थळनामे लाभली. मुंबई इलाख्यातील गवतांवरील ब्लाटर व मॅक्कॅन यांच्या १९३५ मधील ग्रंथात तापीचा काठ व भुसावळ यांबरोबरच तोरणमाळ, अक्राणी व धडगाव या डोंगरी ठिकाणांचेही उल्लेख आढळतात. मॅक्कॅन यांच्या सातपुड्यातील संकलनाचे महत्त्व असे की, त्यांनी लोहमार्गापासून दूर जाऊन थेट पठारावरील व दऱ्यांतील वनस्पती जमविल्या.

त्यानंतरच्या काळात एच. सांतापाऊ (१९०३–७०) यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात (१९५३) एकाच स्थळाचा सर्व ऋतूंत, पुन्हापुन्हा भेटी देऊन अभ्यास करण्याचा पाठ घालून दिला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडल १९५५ मध्ये पुणे येथे स्थापन झाले व जिल्हावार सर्वेक्षणास चालना मिळाली. खानदेशात अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झाले. पुढे जळगाव, धुळे व इतर ठिकाणी महाविद्यालये वाढली, तर १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले (२०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ). स्थानिक महाविद्यालयांतील वनस्पतिविज्ञानाच्या अभ्यासकांना जे शक्य झाले, ते दौऱ्यावरील अधिकाऱ्यास शक्य नव्हते. त्यांना पावसाळ्याच्या प्रत्येक पंधरवड्यात त्याच डोंगरावर जाता येत होते. डी. ए. पाटील यांचा धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरील ग्रंथ २००३ मध्ये आणि एस. आर. क्षीरसागर व डी. ए. पाटील यांचा जळगाव जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुक यांच्या ग्रंथानंतर सु. शंभर वर्षांनी खानदेशास स्वतःच्या जिल्ह्यांच्या वनस्पतींचे स्वतंत्र ग्रंथ मिळाले. दरम्यान भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने महाराष्ट्रातील द्विदल वनस्पतींचे खंड २००० व २००१ मध्ये प्रसिद्ध केले होते.

चिठ्ठ्यांचे वाचन : जुन्या नमुन्यांवरील ‘खानदेश’ हा शब्द वाचताना प्रशासकीय सीमांचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये वेगळा होण्यापूर्वी बागलाण, मालेगाव, नांदगाव इ. भाग खानदेशात मोडत. त्यामुळे त्यापूर्वीचा ‘खानदेश’ असा निर्देश असलेला डोंगरी नमुना आजच्या नाशिक जिल्ह्यातील असू शकतो. खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले; त्यांना पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. म्हणून ‘पश्चिम खानदेश’ अशी चिठ्ठी असलेला नमुना आज धुळ्याचा की नंदुरबारचा, हे गावाचे नाव असल्याखेरीज ठरविता येत नाही. सोनकीच्या जातींचे प्रसारक्षेत्र बहुधा विशिष्ट डोंगररांगांशी निगडित असल्याने सातपुडा व सह्याद्री यांतील हा भेद गौण नाही; त्यावरच जातीच्या प्रसाराविषयीचे अनुमान अवलंबून असते.

चिठ्ठीवर संकलकाचे नाव असते. परंतु त्यास डोंगराची वाट दाखविणाऱ्या भिल्ल, पावरा वा इतर स्थानिक माणसाचे नाव क्वचितच आढळते. वनस्पतीचे स्थानिक नाव व उपयोग हे बहुधा ह्याच माणसांकडून कळलेले असतात. अलीकडील सर्वेक्षणांत ही माहिती पद्धतशीरपणे नोंदविण्याकडे अधिक लक्ष दिले जाते. सेनेसिओ प्रजातीत ती विशेष उपयुक्त ठरते; कारण ह्या प्रजातीच्या अनेक जातींत यकृतास अपायकारक अशी पायरोलिझिडीन अल्कलॉइडे असतात आणि गुरे कोणती वनस्पती टाळतात, हे गुराख्यांना अनुभवाने ठाऊक असते.

महत्त्व : सोनकी ही आज दुर्मिळ वनस्पती समजली जात नाही, पण ज्या डोंगरी कुरणांत व कातळांवरील उथळ मातीत ती वाढते, ते झपाट्याने बदलत आहेत. खानदेशात सातपुड्याच्या वनांचा ऱ्हास, शेतीसाठी होणारी तोड व वाढती चराई यांमुळे ओषधींच्या अधिवासांवर ताण पडला आहे. यावल (१९६९), अनेर धरण व गौताळा औट्रमघाट (दोन्ही १९८६) ही अभयारण्ये घोषित झाली, तरी बराचसा डोंगरी प्रदेश त्यांच्या बाहेर आहे. सरदार सरोवर प्रकल्पामुळे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. नर्मदेच्या काठचा उतार त्या जलाशयाखाली गेला आहे. बुडालेल्या भूमीवर पुन्हा जाऊन नमुने आणणे आता शक्य नाही. तेथील वनस्पतिसृष्टीचा जो काही पुरावा उरला, तो तत्पूर्वी जमविलेल्या नमुन्यांतच आहे. अशा वेळी एका नमुन्यावरील स्थळ, उंची व दिनांक यांच्या दोन ओळी त्या भूमीच्या इतिहासाचे साधन बनतात.

जुन्या संग्रहांच्या डिजिटल प्रतिमा एकविसाव्या शतकात उपलब्ध होऊ लागल्यामुळे क्यू, हावडा येथील केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालय, पुणे व मुंबई येथील नमुन्यांची तुलना करणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. तथापि प्रतिमेमुळे अपुरी चिठ्ठी पुरी होत नाही आणि जेथून नमुना कधी आणलाच गेला नाही, तेथील रिकामी जागाही भरून निघत नाही. त्यासाठी भाद्रपद-आश्विनात डोंगर चढणाऱ्या स्थानिक अभ्यासकाचीच आवश्यकता असते. महाविद्यालयांतील लहान संग्रह ह्या दृष्टीने राष्ट्रीय संग्रहालयांइतकेच मोलाचे होत. तेथील नमुने वाळवी व ओल यांपासून सुरक्षित राहणे, त्यांच्या सूची तयार होणे व प्रत्येकावर नेमके गाव लिहिलेले असणे, ह्या गोष्टींवर खानदेशातील डोंगरी वनस्पतींविषयीचे भावी ज्ञान अवलंबून आहे.